धारवाडचं गाणं, जुना आयपॉड आणि रॉकबॉक्स

हुबळी-धारवाडात ज्यांच्या घरी गाण्याचा साठा आहे, त्यांच्याकडे तो आज साधारण एकाच अवस्थेत सापडतो. वडिलांच्या कॅसेटी कुणीतरी कधीतरी संगणकावर उतरवून ठेवलेल्या, धारवाड आकाशवाणीवरून टिपलेल्या बैठका, स्नेह्यानं पेनड्राइव्हवर दिलेल्या जुन्या तबकड्या आणि मधल्या काळात विकत घेतलेल्या सीडी. हे सगळं एका हार्डडिस्कवर पडून असतं. ऐकणं मात्र फोनवर चालतं, तेही विलंबितात जाहिरात घुसते अशा ठिकाणी. मग कुणीतरी म्हणतो, कपाटात मुलाचा जुना आयपॉड पडलाय, त्यात भरून बघू. आणि तिथून प्रश्न सुरू होतो: या यंत्रात मूळ कंपनीचं सॉफ्टवेअर राहू द्यावं की रॉकबॉक्स टाकावं? आणि नवं-जुनं यंत्र घ्यायचंच असेल तर कुठलं?

हा प्रश्न जगभर विचारला जातो, पण त्याची ठरलेली उत्तरं रॉक किंवा पॉप ऐकणाऱ्याच्या सोयीनं दिलेली असतात. तीन-चार मिनिटांचं गाणं, बारा गाण्यांचा अल्बम, गायकाचं नाव आणि शैली. आपल्याकडचं ऐकणं निराळं. कुंदगोळच्या नाडगीर वाड्यात सवाई गंधर्वांच्या स्मरणार्थ होणाऱ्या मैफिलीत जे रात्र-रात्र बसले आहेत, त्यांना पाऊण तासाचा तोडी मधे न तुटता हवा असतो. म्हणून इथे यंत्रांचा आढावा घेताना मी कसोटी आपल्या गाण्याची लावली आहे. चष्मा बदलला की क्रमवारीही बरीच बदलते.

या भागाचं आणि वाजवणाऱ्या यंत्राचं नातं जुनंच आहे. गदगच्या भीमसेन जोशींनी लहानपणी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि गुरूच्या शोधात घर सोडलं, असं सांगतात. गंगूबाई हनगल यांच्या एच.एम.व्ही.च्या सुरुवातीच्या तबकड्यांवर नाव छापलं होतं ‘गांधारी, हुबळी’. धारवाडला आकाशवाणीचं केंद्र १९५० साली सुरू झालं आणि मल्लिकार्जुन मन्सूर, बसवराज राजगुरू ही नावं ज्यांनी कधी मैफल पाहिली नाही अशा घरांतही पोचली. तेव्हा यंत्रावर ऐकणं म्हणजे दुय्यम ऐकणं, हा सोवळेपणा इथे तरी कुणी करू नये.

रॉकबॉक्स म्हणजे काय, हे आधी थोडक्यात. २००१ साली स्वीडनमध्ये ब्यॉर्न स्टेनबर्ग यानं आर्कोस कंपनीचा एमपीथ्री प्लेअर घेतला. यंत्र ठीक होतं, आतलं सॉफ्टवेअर मात्र रडकं. तो, त्याचा भाऊ डॅनियल (पुढे ‘कर्ल’ या प्रोग्रॅममुळे जगभर माहीत झालेला तोच) आणि लिनस निल्सन फेल्टसिंग यांनी त्या यंत्रासाठी स्वतःचं फर्मवेअर लिहायला घेतलं. फर्मवेअर म्हणजे यंत्राच्या आत बसलेलं, त्याला चालवणारं मूळ सॉफ्टवेअर. पुढे जगभरातून लोक सामील झाले आणि आयरिव्हर, आयपॉड, सॅनडिस्क अशी एकेक यंत्रं यादीत आली. संहिता सगळ्यांना खुली आहे, पैसे कुणी मागत नाही, आणि काम अजून चालू आहे: ३.० ही आवृत्ती २००८ मध्ये आली, ३.१५ ही २०१९ मध्ये आणि ४.० एप्रिल २०२५ मध्ये. ज्या यंत्रांच्या कंपन्यांनी त्यांच्याकडे पाहणं केव्हाच सोडलं, त्यांना हे लोक अजून नवी आवृत्ती देतात.

बहुतेक यंत्रांवर मूळ फर्मवेअर पुसलं जात नाही. आयपॉडवर सुरू होताना होल्डची कळ सरकवलेली ठेवली की ॲपलचं जुनं सॉफ्टवेअर उघडतं, नाही तर रॉकबॉक्स. त्यामुळे ‘टाकलं आणि आवडलं नाही तर?’ ही भीती बाळगण्यासारखी नाही.

आता मुद्द्याचं. आपल्या गाण्याला यातून मिळतं काय?

पहिली गोष्ट, सलगपणा. सीडीवर मैफलीचं ध्वनिमुद्रण असलं तरी ते तुकड्यांत कापलेलं असतं: आलाप एक, विलंबित दोन, द्रुत तीन. तंबोरा मात्र या तिन्हींतून अखंड वाहत असतो. स्वस्त प्लेअरवर प्रत्येक तुकड्याच्या शेवटी अर्धा सेकंद शांतता येते, आणि त्या अर्ध्या सेकंदात कान षड्जावरून घसरतो. याचं कारण यंत्राचा आळस एवढंच नाही. एमपीथ्री करतानाच फाइलच्या पुढे-मागे थोडी रिकामी जागा जोडली जाते. लेम नावाचा एन्कोडर ही जागा किती आहे ते फाइलमध्येच नोंदवतो. रॉकबॉक्स ती नोंद वाचतं आणि नेमकी तेवढी शांतता छाटतं. फ्लॅक या फाइल-प्रकारात ही भानगडच नाही. म्हणून सीडी नव्यानं उतरवणार असाल तर फ्लॅकमध्येच उतरवा. जुन्या एमपीथ्री असतील तर त्या लेमनं केलेल्या आहेत का, हे एकदा पाहून घ्या.

दुसरी गोष्ट स्वराची, आणि इथे रॉकबॉक्सचा हात धरणारं मला तरी काही दिसत नाही. घरच्या कॅसेटी ज्या डेकवर भरल्या आणि ज्या डेकवरून संगणकावर उतरवल्या, त्यांची गती सहसा एकसारखी नसते. तीन टक्क्यांचा फरक म्हणजे साधारण अर्ध्या स्वराचा निम्मा भाग. काळी एकमध्ये गाणारा गायक ना काळी एकचा राहतो, ना पांढरी दोनचा. मधेच कुठेतरी लटकतो आणि कुठल्याच पेटीशी जुळत नाही. रॉकबॉक्समध्ये गाणं चालू असताना पिचचा पडदा उघडता येतो आणि गती टक्क्याच्या दहाव्या हिश्शानं वर-खाली करता येते. शेजारी तंबोरा लावून ठेवायचा, षड्ज धरायचा, आणि आकडा ९७.३, ९७.४ असा सरकवत न्यायचा. जिथे दोन षड्जांमधली लहर थांबते, तिथे थांबायचं. हे काम संगणकावरही होतं, पण अंथरुणावर पडल्या-पडल्या होत नाही.

मात्र हे हत्यार जपून वापरावं. जुन्या काळच्या सगळ्याच तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांच्या गतीनं मुद्रित झाल्या होत्या असं नाही, त्यामुळे ‘मूळ पट्टी’ कोणती हे दर वेळी ठामपणे सांगता येत नाही. आणि कधी कधी कान फसतो तो माहितीच्या अभावी. ‘गांधारी, हुबळी’च्या तबकड्या पहिल्यांदा ऐकणाऱ्याला वाटतं की मशीन जोरात फिरतंय, कारण आपल्याला ठाऊक असलेल्या गंगूबाई म्हणजे तो भारदस्त, खर्जातला आवाज. तो आवाज पुढे घशाच्या शस्त्रक्रियेनंतर आलेला. तरुणपणीचा त्यांचा गळा खरोखरच बारीक आणि उंच होता. तो खाली ओढून ‘दुरुस्त’ करणं म्हणजे इतिहासावर इस्त्री फिरवणं.

शिकणाऱ्यांना याच सोयीचा आणखी एक उपयोग आहे. गुरूंनी दिलेली ध्वनिफीत त्यांच्या पट्टीत असते. विद्यार्थिनीची पट्टी वेगळी. वेग तसाच ठेवून फक्त स्वर वर नेता येतो. एक अर्धस्वर चढवायचा तर आकडा १०५.९ च्या आसपास येतो. उलट, तान समजत नसेल तर स्वर तसाच ठेवून वेग कमी करता येतो. यासाठी सेटिंगमध्ये टाइमस्ट्रेच नावाची सोय एकदा चालू करावी लागते आणि यंत्र पुन्हा सुरू करावं लागतं. आवाज थोडा पातळ होतो, हे कबूल. पण मन्सूरअण्णांची तान कुठल्या मात्रेवर वळली एवढं कळण्यापुरतं ते पुष्कळ आहे.

तिसरी सोय फारशी कुणी सांगत नाही. जुन्या तबकड्या संगणकावर उतरवताना बहुतेक जण स्टिरिओत उतरवतात. तबकडी तर मोनो आहे. दोन्ही कानांत गाणं एकच, पण खरखर वेगवेगळी. रॉकबॉक्सच्या ध्वनीच्या सेटिंगमध्ये चॅनल ‘मोनो’ केलं की दोन्ही बाजू एकत्र होतात, गाणं होतं तसं राहतं आणि खरखर जाणवण्याइतकी उतरते. त्यावर इक्वलायझरमध्ये पाच हजार हर्ट्झच्या वरचा भाग थोडा खाली ओढला की हेडफोन लावून तासभर ऐकता येतं. उलट साठ-सत्तरच्या दशकातल्या काही स्टिरिओ एलपींत तबला एका कानात आणि गाणं दुसऱ्या कानात असा प्रकार असतो. हेडफोनवर तो फार टोचतो. त्यासाठी क्रॉसफीड आहे, जे एका बाजूचा आवाज किंचित दुसऱ्या बाजूला मिसळतं. आणि तबकडी, रेडिओ, सीडी अशा तीन घराण्यांचा आवाज एकाच पातळीवर आणायला रिप्लेगेन आहे. नाही तर रेडिओवरचं ऐकू यावं म्हणून आवाज वाढवायचा, आणि पुढची सीडी कानाचे पडदे फाडते.

मांडणीचा प्रश्नही आपला वेगळाच. ॲपलच्या सॉफ्टवेअरला कलाकार, अल्बम, शैली कळते. राग कळत नाही. रॉकबॉक्समध्ये दोन रस्ते आहेत. सोपा रस्ता म्हणजे संगणकावर आहेत तसेच फोल्डर ठेवणं, आत रागांचे, त्यांच्या आत गायकांचे, आणि प्लेअरवरही तसेच उघडणं. दुसरा रस्ता थोडा खटपटीचा: प्रत्येक फाइलच्या ‘संगीतकार’ या रकान्यात रागाचं नाव लिहायचं, आणि रॉकबॉक्सच्या फोल्डरमध्ये टॅगनॅव्ही नावाची जी साधी मजकुराची फाइल असते, तिची स्वतःची प्रत करून ‘संगीतकार’च्या ओळीला ‘राग’ असं नाव द्यायचं. एकदा हे केलं की यमन उघडला की बसवराज राजगुरूंपासून घरी आलेल्या गुरुजींच्या ध्वनिफितीपर्यंत सगळे यमन एका यादीत. ज्यांच्याकडे पाच-सहाशे फाइली आहेत त्यांनी पहिला रस्ता धरावा. ज्यांच्याकडे दहा हजार आहेत त्यांना दुसऱ्याला पर्याय नाही.

यातलं नाट्यसंगीत वेगळं काढून ठेवा, असं मी सुचवेन. सवाई गंधर्व मराठी रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत, आणि या भागातल्या जुन्या संग्रहांत मराठी पदांच्या तबकड्या हमखास निघतात. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटांची पदं कुठल्याही क्रमानं ऐकायला छान. पण शफल चालू असताना पदापाठोपाठ मधूनच एखाद्या ख्यालाचा द्रुत भाग लागला की ऐकण्याचा रंग जातो. आणि लांब बैठक अर्ध्यावर सोडली तर रॉकबॉक्स ती जागा लक्षात ठेवतं. बुकमार्क आपोआप ठेवायचे की विचारून, हे ठरवता येतं.

एका गोष्टीवर जरा थांबतो, कारण ती या भागाशी फार जवळून जोडलेली आहे. हुबळीहून साठेक किलोमीटरवर गदगला वीरेश्वर पुण्याश्रम आहे. स्वतः दृष्टिहीन असलेल्या पंचाक्षरी गवई यांनी उभारलेला, पुढे पुट्टराज गवई यांनी वाढवलेला. अंध मुलांना गाणं-वाजवणं शिकवणारा. बसवराज राजगुरू पंचाक्षरी गवयांचेच शिष्य. आणि रॉकबॉक्सची जगात जी काही खरी कीर्ती आहे, ती दृष्टिहीन ऐकणाऱ्यांमध्ये. या फर्मवेअरचा प्रत्येक मेनू बोलतो. ॲपलच्या आयपॉड क्लासिकच्या मूळ सॉफ्टवेअरमध्ये पडदा दिसत नसेल तर चाक फिरवून काय निवडलं ते कळायची सोय नव्हती. त्याच यंत्रात रॉकबॉक्स टाकलं की ते नाव उच्चारतं. फोल्डरांच्या नावांसाठी छोट्या बोलक्या फाइली ठेवता येतात. नाही तर यंत्र इंग्रजी अक्षरं एकेक वाचतं, ते कंटाळवाणं आहे. डोळस माणसांनी लिहिलेल्या प्लेअरच्या परीक्षणांत या सोयीला एक ओळही मिळत नाही. ज्यांच्या घरी किंवा ओळखीत दृष्टिहीन विद्यार्थी आहे, त्यांच्यासाठी मात्र बाकी सगळे निकष यापुढे गौण आहेत: खऱ्या, हाताला लागणाऱ्या कळा असलेलं यंत्र घ्या, रॉकबॉक्स टाका, आवाजाची फाइल बसवा.

आता यंत्रांकडे.

संग्रह मोठा असेल तर मला अजूनही पाचव्या पिढीचा आयपॉड, ज्याला लोक आयपॉड व्हिडिओ म्हणतात, तोच पहिला वाटतो. २००५ मध्ये आला. मागे बारीक अक्षरांत ए-११३६ असा क्रमांक असतो. ३० आणि ६० जीबीचे आधीचे, २००६ मध्ये सुधारून आलेले ३० आणि ८० जीबीचे. म्हणजे ८० लिहिलेला दिसला की तो नंतरचाच. याचा पुढचा भाग प्लास्टिकचा, म्हणून उघडायला तुलनेनं सोपा. आतली हार्डडिस्क काढून तिच्या जागी मेमरी कार्ड बसवणारे अडॅप्टर मिळतात. आयफ्लॅश हे त्यातलं माहितीतलं नाव. फिरणारी डिस्क गेली की यंत्र हलकं होतं, धक्क्याला घाबरत नाही आणि बॅटरी लांबते. ६० किंवा ८० जीबीच्या जाड पाठीत डिस्क गेल्यावर जागा उरते, तिथे मोठी बॅटरी मावते.

यानंतरचा आयपॉड क्लासिक, ए-१२३८, २००७ ते २०१४ पर्यंत विकला गेला. तो आपल्याकडे जास्त सापडतो, कारण अमेरिकेहून येणाऱ्यांनी त्या वर्षांत तोच आणला. रॉकबॉक्स त्यावरही चांगलं चालतं. अडचण एकच, पण खरी: पुढचा पत्रा धातूचा, चारी बाजूंनी घट्ट बसवलेला. उघडताना तो वाकतो आणि परत सरळ होत नाही. डिस्क आणि बॅटरी ठणठणीत असलेला क्लासिक मिळाला तर अवश्य घ्या आणि आहे तसा वापरा. बंद पडलेला स्वस्तात मिळतोय म्हणून घेऊ नका, हात या कामात तयार असल्याशिवाय.

या दोन आयपॉडांतला कोणता ‘जास्त गोड’ वाजतो यावर जगभर शाई वाया गेली आहे. एकात वुल्फसनची चिप, दुसऱ्यात सिरस लॉजिकची, आणि वुल्फसनवाल्यांची भक्ती अशी की जणू ती चिपच गाते. माझं मत विचाराल तर १९३०च्या दशकातल्या तबकडीवर किंवा तीन वेळा कॉपी झालेल्या कॅसेटवर हा फरक शोधणं म्हणजे निव्वळ हौस. चांगल्या हेडफोननं दहापट फरक पडतो. तीच गोष्ट ‘हाय-रेझ’ची: शेलॅकच्या तबकडीची २४ बिट, १९२ किलोहर्ट्झची फाइल करून ठेवली तर वाढते ती फक्त खरखरीची अचूकता.

रोज हुबळी-धारवाड जा-ये करणाऱ्यांचा हिशेब निराळा. चिगरी बसमध्ये संध्याकाळी उभं राहून, एका हातानं दांडी धरून वीस-बावीस किलोमीटर जायचं, तर खिशात आयपॉडचं वजन नको आणि पडद्याकडे पाहायला फुरसत नको. इथे सॅनडिस्कचे सान्सा क्लिप प्लस (२००९) आणि क्लिप झिप (२०११) यांना तोड नाही. काडेपेटीएवढं अंग, शर्टाला अडकवायची क्लिप, बोटानं ओळखू येणाऱ्या कळा, मेमरी कार्डाची खाच, एफएम रेडिओ, आणि आत मायक्रोफोन. रॉकबॉक्स टाकलं की हा मायक्रोफोन शिकवणी टिपायला चालतो. मैफल टिपायला नाही, पण गुरुजींनी सांगितलेली बंदिश घरी आठवायला पुरे. मोठ्या कार्डावर हजारो फाइली असल्या की याची तोकडी मेमरी डेटाबेस बांधताना धापा टाकते. म्हणून यात फोल्डरचा रस्ता.

एक सापळा मात्र आहे आणि त्यात बरेच जण पाय घालतात. क्लिप स्पोर्ट आणि क्लिप जॅम ही नंतरची यंत्रं नावानं त्याच घरातली वाटतात, पण आतून ती पूर्ण वेगळी आणि रॉकबॉक्स त्यांच्यावर चालत नाही. असंच आयपॉड टचचं आणि बहुतेक नॅनोंचं. नॅनोमध्ये पहिल्या दोन पिढ्या चालतात, पुढच्यांच्या वाटेला जाऊ नका. विकणारा ‘सगळं चालतं साहेब’ म्हणतोच. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला रॉकबॉक्स हा शब्दच त्या दिवशी पहिल्यांदा ऐकू आलेला असतो.

ज्यांना जुनं, कुणाचं तरी वापरलेलं नकोच, त्यांच्यासाठी चिनी यंत्रं आहेत, आणि त्यांची गोष्ट गुंतागुंतीची. एक्सडू एक्स-३ याला दोन कार्डांच्या खाचा आणि साधा एकरंगी पडदा. आपल्या कामाला उत्तम, पण आता सहज मिळत नाही. फिओ एम-३-के आणि शानलिंग क्यू-१ या दोन्हींवर रॉकबॉक्स नीट बसवलं गेलंय, तेही बाजारातून ओसरले. मग उरतं एक मोठं कुटुंब: आयगो इरॉस क्यू, हायफायवॉकर एच-२, सर्फान्स एफ-२०. नावं तीन, ठोकळा जवळपास एकच. इथे काळजी अशी घ्यायची की कारखाना अधूनमधून आतले भाग बदलतो आणि बाहेरचं नाव तेच ठेवतो. म्हणून यंत्र हातात आल्यावर त्याची हार्डवेअर आवृत्ती आधी पाहायची, मग तिला जुळणारीच फाइल टाकायची.

या यंत्रांबाबत एक फरक समजून घेतला की पुढचा गोंधळ टळतो. काही यंत्रांवर रॉकबॉक्स थेट चिपवर चालतं, मधे कुणी नाही. काहींवर, उदाहरणार्थ एजीपीटेक रॉकरवर, ते कंपनीनं दिलेल्या लिनक्सच्या खांद्यावर बसून चालतं. दुसऱ्या प्रकारात सुरू व्हायला वेळ लागतो, आणि कंपनीच्या लिनक्समध्ये जे दोष असतील ते तसेच राहतात. पर्याय असेल तर पहिला प्रकार घ्यावा.

खुल्या सॉफ्टवेअरच्या दुनियेत दुसरंही कुणी आहे का? आयपॉडवर लिनक्स चालवण्याचा प्रयोग रॉकबॉक्सच्या आधी त्या यंत्रावर झाला होता. आज तो संग्रहालयात ठेवण्याजोगा. ऑस्ट्रेलियातून आलेलं टांगारा हे यंत्र जास्त लक्ष देण्यासारखं आहे. त्याचं सॉफ्टवेअरच नाही तर आतल्या सर्किटचा नकाशाही खुला. रॉकबॉक्स नव्हे, स्वतःचं फर्मवेअर. चाक मात्र आयपॉडची आठवण करून देणारं. कल्पना मला मनापासून आवडते. पण स्वर वर-खाली करणं, बोलका मेनू, मोनो ही वीस-बावीस वर्षांत साचलेली शिदोरी एका नव्या प्रकल्पाकडून लगेच मागणं बरं नव्हे.

आता रॉकबॉक्सचे तोटे, कारण भक्त ते सांगत नाहीत. या यंत्रांवर ब्लूटूथ मिळेल असं गृहीत धरू नका. जुन्या आयपॉडांत आणि क्लिपमध्ये तर त्याचं हार्डवेअरच नाही. ज्याच्या कानात बिनतारी हेडफोन कायमचे बसलेत त्यानं या फंदात पडू नये. ऑनलाइन ऐकणं नाही. पहिल्यांदा उघडल्यावर मेनू एखाद्या सरकारी कचेरीतल्या फलकासारखे दिसतात: सगळं आहे, पण कुठे ते कळत नाही. आणि देवनागरी. युनिकोडचा फाँट टाकला की अक्षरं दिसतात, पण जोडाक्षरं आणि ऱ्हस्व इकार जुळवण्याचं काम हे फर्मवेअर नीट करत नाही. ‘मल्लिकार्जुन’ वाचताना डोळे शिणतात. कन्नड लिपीचंही तेच. म्हणून फाइलींची नावं रोमन लिपीत ठेवावीत. मनाला पटत नाही, पण तूर्त इलाज नाही.

फोनचं काय? फोनवरही चांगली ॲप आहेत, त्यांत सलग वाजवणं आहे, काहींत स्वर बदलणंही आहे. ज्याचा संग्रह छोटा आणि सवय फोनची, त्याला वेगळं यंत्र घ्यायला लावण्यात मला रस नाही. फक्त दोन गोष्टी: बऱ्याच नव्या फोनना हेडफोनची पिनच राहिलेली नाही, आणि भैरवीच्या मधे बँकेचा फोन येतो.

घ्यायचं ठरलं तर तपासणी अशी करावी. कोप्पिकर रोडच्या दुकानात असो की ओळखीच्या घरी, यंत्र आधी टेबलावर पालथं ठेवून पाहा. डोलत असेल, पाठ फुगलेली असेल, तर आतली बॅटरी सुजली आहे. असं यंत्र चार्जही करू नका. मग हेडफोन लावून प्लग हळूच फिरवा. एक कान येत-जात असेल तर पिनचा सांधा गेलाय. तो दुरुस्त होतो, पण किंमत त्या हिशेबानं द्यावी. हार्डडिस्कचा आयपॉड असेल तर कानाला लावून ऐका. सौम्य घरघर चालेल, टकटक नको. होल्डची कळ दोन-तीनदा सरकवा. चाकावर बोट सगळीकडून फिरवा. तीस पिनांची जुनी केबल सोबत मागून घ्या, कारण हल्ली ती वेगळी शोधावी लागते.

आयपॉड पूर्वी मॅकवर वापरलेला असेल तर त्याची मांडणी मॅकची असते आणि त्यावर रॉकबॉक्स बसत नाही. आधी तो विंडोजच्या संगणकावर आयट्यून्समधून रिस्टोअर करावा लागतो, म्हणजे तो फॅट-३२ होतो. मेमरी कार्डांचंही हेच. ६४ जीबी आणि त्यावरची कार्डं दुकानातून एक्सफॅट करून येतात, तीही फॅट-३२ करावी लागतात. विंडोजची नेहमीची फॉरमॅटची खिडकी बरीच वर्षं ३२ जीबीच्या पुढे फॅट-३२चा पर्यायच देत नसे, त्यासाठी वेगळा छोटा प्रोग्रॅम वापरतात. कार्ड स्वस्त मिळालं असेल तर त्यावर आधी पूर्ण भरेपर्यंत फाइली लिहून परत वाचून पाहा. १२८ लिहिलेलं आणि आत ८ जीबी असलेलं कार्ड हा काही दुर्मीळ प्रकार नाही.

पुढचं काम रॉकबॉक्स युटिलिटी नावाचा प्रोग्रॅम करतो: यंत्र ओळखतो, बूटलोडर बसवतो, फाइली टाकतो, हवी असेल तर आवाजाची फाइलही. क्लासिकला एक पायरी जास्त लागते, त्यात दोन कळा काही सेकंद दाबून धरायच्या असतात. घाईत बोट सुटलं तर काही बिघडत नाही, पुन्हा करायचं. सगळं झाल्यावर आधी एकच मैफल भरा, तुकड्यांत कापलेली, तुमच्या कानाला पाठ असलेली. सेटिंग कुठलंही न बदलता ती सुरुवातीपासून शेवटपर्यंत ऐका. तंबोरा कुठे तुटला तर दोष फाइलीत आहे की यंत्रात, हे तेव्हाच कळेल. सगळा साठा भरल्यावर नाही.